श्रेष्ठ पंचवीस मराठी गायक : यादीच्या कामाच्या नोंदी

शनिवार, १५ जून २०२४, सांगली

वाचनालयाच्या दिवाळी विशेषांकात मराठी सुगम संगीतातल्या श्रेष्ठ पंचवीस गायकांची क्रमवार यादी द्यायचं ठरलं. मतपत्रिका काढणं, मोजणी आणि प्रत्येकावर चार-सहा ओळींचं टिपण हे काम माझ्याकडे आलं. समितीत अप्पा (घरी ७८ आरपीएमच्या तबकड्यांनी भरलेलं कपाट, मतं त्याहून जुनी), ग्रंथपाल मॅडम, गाणं शिकवणाऱ्या ताई आणि ताईंचा कॉलेजात जाणारा भाचा. भाच्याला 'तरुणांचा प्रतिनिधी' म्हणून घेतलंय, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पहिले दोन तास हद्द आखण्यातच गेले. नाट्यपदं धरायची का? सांगलीत हे विचारणंच धोक्याचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून आम्ही नाट्यपंढरीचे वारकरी. पण नाट्यपदं धरली की बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई, छोटा गंधर्व, वसंतराव, रामदास कामत, अभिषेकीबुवा यांच्यातच वरच्या जागा संपतात, आणि लावणी, भीमगीत, कोळीगीत पायरीवर उभं राहतं. दीड कप चहानंतर ठरलं : नाट्यपद बाहेर, भावगीत, चित्रपटगीत, अभंग, लावणी, पोवाडा, लोकगीत, भीमगीत आत. भीमसेन अभंगांच्या जोरावर आत आले. अप्पा म्हणाले, "म्हणजे वसंतरावांना मागच्या दारानं घ्यायचं." घ्यायचं.

शनिवार, २२ जून

गायकाची मातृभाषा मराठी हवी का, यावर आज खडाजंगी. ग्रंथपाल मॅडमचं म्हणणं, हवीच. भाच्याने एकच गाणं पुढे केलं, 'जोगवा'मधलं 'जीव रंगला'. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो हरिहरन आणि श्रेया घोषालला. दोघांच्याही घरी मराठी बोलत नाहीत. मग अप्पांनीच रफींचं नाव काढलं. श्रीकांत ठाकरे यांनी त्यांच्याकडून 'शोधिसी मानवा राऊळी मंदिरी' गाऊन घेतलं, 'हा छंद जिवाला लावी पिसे' गाऊन घेतलं. महेंद्र कपूर तर दादा कोंडक्यांच्या चित्रपटांचा आवाजच होते. अट रद्द. मॅडमनी इतिवृत्तात "माझा विरोध नोंदवावा" असं लिहायला लावलं. नोंदवला.

भाच्याने अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाची यादी छापून आणली होती. २००८ साली त्यांनी शंभर श्रेष्ठ गायक निवडले तेव्हा अरीथा फ्रँकलिन पहिली आणि आपल्याकडचं कुणीच नाही. १ जानेवारी २०२३ ला दोनशेंची नवी यादी आली. अरीथा पुन्हा पहिली, लताबाई ८४ व्या, नुसरत फतेह अली खान ९१ वे. सेलिन डिऑन मुळीच नाही, म्हणून तिचे चाहते न्यू यॉर्कला मासिकाच्या दारात फलक घेऊन उभे राहिले. यादीच्या सुरुवातीलाच संपादकांनी बजावलं होतं की ही श्रेष्ठ गायकांची यादी आहे, श्रेष्ठ गळ्यांची नव्हे. ताईंना हे पटलं. अप्पांना ८४ हा आकडा पचलेला नाही, "वरचे त्र्याऐंशी कोण?" असं त्यांनी जाताना पायऱ्यांवरूनही विचारलं.

शनिवार, २९ जून

एका सभासदांचं पत्र : वाद कशाला घालता, ज्याने जास्त गाणी गायली तो मोठा, मोजा आणि मोकळे व्हा.

मोजायला गेलं की काय होतं याचं ठळक उदाहरण घरचंच आहे, म्हणून त्यावर जरा वेळ घालवला. गिनीज बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर १९४८ ते १९७४ या काळात वीस भाषांत किमान २५,००० गाणी अशी नोंद झाली. रफींनी तिला हरकत घेतली. त्यांच्या बाजूने दावा २८,०००चा होता. ते १९८० मध्ये गेले. पुढे बुकाने दोघांचे आकडे एकत्र छापले आणि १९९१ नंतर दोन्ही काढून टाकले. २०११ मध्ये आशाबाईंची नोंद झाली ती ११,००० पर्यंतच्या गाण्यांची, आणि २०१६ मध्ये पी. सुशीला यांची १७,६९५ ची.

आता २५,००० ला सत्तावीस वर्षांनी भागा. वर्षाला नऊशेच्या वर. त्या काळात हिंदीत वर्षाला शंभर-सव्वाशे चित्रपट निघायचे. चित्रपटाला आठ गाणी धरली तर सगळी मिळून आठशे ते हजार. म्हणजे मुकेशची, तलतची, किशोरची, शमशादबाईंची सगळी गाणीसुद्धा लताबाईंनीच गायलेली असली पाहिजेत. इतर भाषांतली गाणी मिळवली तरी ही तूट भरत नाही. कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' यांनी गीतकोश करायला घेतला, एकेक चित्रपट, एकेक गाणं. अशा बसून मोजणाऱ्यांची लताबाईंची हिंदी बेरीज पाच हजारांच्या आसपास थांबते. पाच हजार हा काय कमी आकडा आहे? पण एकदा पंचवीस हजार ऐकलेल्याला पाच हजार म्हणजे अपमान वाटतो. अप्पांना वाटला. संख्येचा निकष रद्द.

शनिवार, ६ जुलै

मतपत्रिकेचा नमुना पक्का केला. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. सोबत जन्मसाल आणि एक प्रश्न : गाणी पहिल्यांदा कशावर ऐकलीत? रेडिओ, तबकडी, कॅसेट, टीव्ही, गणपतीचा मांडव, मोबाइल. हा प्रश्न माझा हट्ट. अप्पा म्हणाले, शिरगणती करतोयस का? हो, थोडीशी.

मोजणीवरून जुंपली. अप्पांची रीत : जास्तीत जास्त लोकांनी ज्याला पहिला लिहिलं तो पहिला. माझी सूचना गुणांची : पहिल्याला दहा, दुसऱ्याला नऊ, असं खाली उतरत. अठराव्या शतकात बोर्दा नावाच्या फ्रेंच माणसाने ही रीत सुचवली, आणि त्याच्याच काळातल्या काँदोर्सेने तिच्यातली खोट दाखवली. फळ्यावर मांडून दाखवलं. समजा नऊ मतदार आहेत. पाच जण लिहितात : लता, आशा, माणिक वर्मा. चार जण लिहितात : आशा, माणिक वर्मा, लता. गुण द्या दोन, एक, शून्य. लताबाईंना १०, आशाबाईंना १३, माणिकबाईंना ४. आशाबाई पहिल्या. आता माणिकबाईंचं नाव पुसा आणि पुन्हा मोजा. लताबाई पाच, आशाबाई चार. मतदार तेच, त्यांची आवड तीच, दोघींपैकी कोण सरस याबद्दल कुणी आपलं मत बदललेलं नाही. तिसरं नाव असलं-नसलं एवढ्यावर पहिली जागा हलते.

फळ्याकडे बघत ताई म्हणाल्या, "मग खरं उत्तर कुठलं?" दोन्ही. म्हणून दोन्ही रीतींनी मोजायचं आणि फरक पडला तर तो छापायचा.

भाचा मध्येच म्हणाला की रेडिओ सिलोनवर हे कसं करायचे. बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. अमीन सयानी गाण्यांना पायदान देत. पण ती गाण्यांची चढाओढ होती, गायकांची नव्हे, आणि त्यात मला शहाणपण दिसतं. ती चालली याचं निम्मं श्रेय आपल्याच एका पुणेकराला : नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांना चित्रपटगीतं हिणकस वाटत, आकाशवाणीवरून ती हद्दपार झाली आणि सगळा देश बुधवारी रात्री आठला सिलोन लावून बसू लागला.

बुधवार, १७ जुलै, आषाढी एकादशी

बैठक नाही, पण नोंद करण्यासारखं घडलं. सकाळी एसटी स्टँडबाहेर रिक्षा स्टॉपवर 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागलं होतं. तिथल्या मामांना विचारलं, कोण गातंय? माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रल्हाददादा. तुम्हाला ठाऊक नाही?" शेजारच्या रिक्षावाल्याने पुढचं नाव न विचारता सांगितलं, आनंद शिंदे, आणि त्याच्या मुलाने आदर्श. तीन पिढ्या एका दमात.

आतापर्यंत जमा झालेल्या मतपत्रिका घरी येऊन चाळल्या. प्रल्हाद शिंदे जवळपास कुठेच नाहीत. आमच्या सभासदांना ते गाणं पाठ आहे, वारीच्या दिवसांत त्यांच्या घरीही ते वाजतं. पण गायकांची यादी कर म्हटलं की हात आपोआप फडके, दाते, वर्मा असा वळतो. सुलोचना चव्हाण, विठ्ठल उमप, शाहीर साबळे यांचंही तेच. वामनदादा कर्डकांना तर लोक फक्त कवी समजतात. उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच गेले. अशा माणसाला आमच्या यादीत नाव मिळवायला कुणाची शिफारस लागावी?

उद्यापासून मतपत्रिका वाचनालयाबाहेर न्यायच्या. रिक्षा स्टॉप, मार्केट यार्डातले हमाल, भजनी मंडळ, नर्सिंग होस्टेल. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, यादी सभासदांची आहे. म्हटलं, गाणी सभासदांची नाहीत.

शनिवार, २७ जुलै

नदीचं पाणी चढतंय, काठावरचे सभासद सामान वर हलवण्यात गुंतलेत. बैठक रद्द. अप्पांकडे जाऊन तबकड्यांची लेबलं वाचत बसलो.

लेबल वाचणं हे वेगळंच शिक्षण आहे. 'महल' १९४९ चा. 'आएगा आनेवाला'च्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. ते मधुबालेच्या भूमिकेचं नाव! गाणारी कोण, हे लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं तेव्हा लताबाईंचं नाव बाहेर आलं. म्हणजे गायकाला क्रमांक देणं सोडा, गायकाला नाव असतं हेच तेव्हा नुकतं रुजत होतं. मराठीत भावगीताच्या तबकडीची वाट जी. एन. जोशींच्या 'रानारानात गेली बाई शीळ'ने मोकळी केली, आणि गजानन वाटवे चौकाचौकांत, गणपतीच्या मांडवात गायले. वाटव्यांचं खरं गाणं ऐकलं ते त्या चौकातल्या लोकांनी. आम्हाला उरली ती तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी, सुईच्या खरखरीसकट. आजचा मतदार त्यांना कुठल्या आधारावर मत देणार?

नावाच्या गोंधळाचा सर्वांत मोठा फटका सुमन कल्याणपूरांना. त्यांची गाणी लताबाईंची म्हणून वाजली, लोकांनी तशीच लक्षात ठेवली. २०२३ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा वय ८६. त्याआधी राज्य सरकारने त्यांना दिलेल्या पुरस्काराचं नाव : लता मंगेशकर पुरस्कार. अप्पा यावर काही बोलले नाहीत, तबकडी पुसत राहिले.

शनिवार, १० ऑगस्ट

आज डोळे मिटून ऐकण्याचा प्रयोग. पुष्कळांनी मतपत्रिकेवर लिहिलंय की लता आणि सुमन यांच्यातला फरक आपण झोपेतही सांगू. ताईंनी तुकडे काढले. मुखडा नाही, कारण मुखडा आला की गाणं ओळखतं आणि गाण्यावरून गायिका सांगता येते. अंतऱ्यातल्या दीड-दोन ओळी, आणि गाणीही अप्पांच्या कपाटातली, फारशी न वाजलेली.

झोपेत सांगणारे जागेपणी अडले. अप्पा सोडून. अप्पांना विचारलं कशावरून ओळखता, तर म्हणाले, "ओळ संपते कशी ते ऐक." पुन्हा लावलं. लताबाईंचा शेवटचा स्वर जिथे लागला तिथेच, तेवढ्याच जाडीचा राहतो आणि मग थांबतो. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. सुमनताईंचा स्वर सुटताना जरासा विरतो, शेवटच्या अक्षराभोवती हवा येते. 'केतकीच्या बनी तिथे'मध्ये 'मोर' ऐकताना हे नीट कळतं. ताई म्हणाल्या, पहिलं तंत्र जास्त अवघड आहे. अप्पा म्हणाले, दुसऱ्याने जास्त हुरहुर लागते. अख्ख्या प्रकल्पात कामाचं बोलणं झालं असेल तर ते हे.

मग सुलोचनाबाई लावल्या, 'कसं काय पाटील बरं हाय का'. ताईंनी विद्यार्थ्याला दाखवावं तसं थांबवून थांबवून ऐकवलं. सवाल संपताना आवाज वर जातो, पण जोर 'हाय'वर पडतो, 'का' नुसतं सोडून दिलेलं. त्यामुळे तो प्रश्न उरतच नाही, टोमणा होतो. ठेक्याच्या केसभर आधी शब्द टाकायचा आणि पुढचा ठेक्यावर धरायचा. डोक्यावरचा पदर न ढळता या बाई हे उभ्यानं गात. आमच्या यादीत त्या खाली आहेत याचं कारण गळा नक्कीच नाही.

भाच्याने अजय गोगावलेचा तुकडा लावला. ताईंनी डोळे मिटूनच ऐकला आणि तार सप्तकातला खडा आवाज शाहिरीतून आला म्हणाल्या. भाचा खूश.

शनिवार, २४ ऑगस्ट

दोन जुने तंटे निकाली काढले.

एक, बायका आणि पुरुष यांच्या वेगळ्या याद्या कराव्यात का. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ मध्ये सुरू केला, पहिला लताबाईंना, 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी. पुढे १९६७ पर्यंत स्त्री-पुरुष एकाच रांगेत. १९६८ पासून दोन पुरस्कार. आम्ही एकच रांग ठेवतोय. वेगळ्या केल्या तर पुरुषांच्या यादीला बरीच हवा मिळेल, हे खरं कारण. इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

दुसरा, गीतरामायण कुणाच्या खात्यात. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक, अधिक महिना आल्यामुळे एकूण छप्पन्न गीतं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली. पण मूळ प्रसारणात गाणारे पुष्कळ होते : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, 'मज सांग लक्ष्मणा जाऊ कुठे' लताबाईंचं. नंतर बाबूजींनी सगळी एकट्याने गायली, तबकड्या निघाल्या, कार्यक्रम झाले, आणि आज गीतरामायण म्हटलं की कानात एकच आवाज येतो. माझ्या मते ते रास्तही आहे. जोडाक्षर सुरात न बुडवता पुरतं उच्चारायचं आणि तरी सूर मोडू द्यायचा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला जमलेलं नाही. टिपणात मूळ गायकांची नावं द्यायची, गुण बाबूजींना.

रविवार, ८ सप्टेंबर

आशाबाईंचा वाढदिवस. जन्म सांगलीचा, त्यामुळे इथल्या मतपेटीत त्यांना घरचं माप मिळणार हे धरून चाललोय. गणपतीचा दुसरा दिवस. समोरच्या मंडळात दुपारी 'तरुण आहे रात्र अजुनी' लागलं, पाठोपाठ 'पोपट'. मतपत्रिका घ्यायची शेवटची तारीख विसर्जनानंतर.

शनिवार, २१ सप्टेंबर

मोजणी झाली. पहिल्या क्रमांकाची मतं मोजली तर लताबाई पहिल्या. गुण मोजले तर आशाबाई. फळ्यावर मांडलं होतं तसंच. जे लताबाईंना मानतात ते त्यांना पहिलंच लिहितात. जे मानत नाहीत ते बरेच खाली ढकलतात, "त्यांचं मोठेपण हिंदीतलं" असा शेरा मारून. आशाबाई कुणाच्याच यादीत तिसऱ्याच्या खाली सहसा जात नाहीत. तिसरे बाबूजी, दोन्ही रीतींनी.

माझ्या हट्टाच्या प्रश्नाने मात्र सगळ्यांना गप्प केलं. पत्रिका जन्मसालाप्रमाणे न लावता ऐकण्याच्या साधनाप्रमाणे लावल्या, आणि गठ्ठे आपोआप वेगळे झाले. रेडिओवाल्यांकडे बाबूजी, माणिक वर्मा, मालती पांडे, अरुण दाते. कॅसेटवाल्यांकडे सुरेश वाडकर, अनुराधा पौडवाल आणि आनंद शिंदे, हे तिघे एकाच कागदावर सुखाने नांदतात. मांडव लिहिणाऱ्यांकडे प्रल्हाद शिंदे आणि शाहीर साबळे. मोबाइलवाल्यांकडे अजय गोगावले आणि श्रेया घोषाल, पण त्यांच्याकडे भीमसेनही आहेत, कारण भाच्याच्या भाषेत "सगळं एकाच ठिकाणी मिळतं". वय सारखं, साधन वेगळं, तर यादी वेगळी. साठीतल्या दोन बायका, एकीच्या घरी रेडिओ होता, दुसरीच्या नव्हता; दोघींच्या दहा नावांत सामाईक फक्त लता आणि आशा. आपण गायकाला गुण देतोय असं वाटत असताना घरात काय वाजत होतं याची साक्ष देत असतो, असं मी म्हणालो. अप्पा म्हणाले, "मग माझं मत काय, माझ्या कपाटाचं?" काही अंशी, हो.

बाहेरच्या पत्रिका धरल्यावर प्रल्हाद शिंदे पहिल्या दहात आले, सुलोचनाबाई त्यांच्या मागोमाग. उमप पंचवीसात, वामनदादा काठावर बाहेर.

शनिवार, ५ ऑक्टोबर

छापायचं काय, यावर शेवटची बैठक. मॅडमचं मत : क्रमांक काढून टाका, अकारविल्हे नावं द्या, कुणी दुखावणार नाही. मी विरोध केला. अकारविल्हे यादी कुणी वाचत नाही. तिच्यावर कुणी भांडत नाही, आणि न भांडता कुणी जुनं गाणं पुन्हा काढून ऐकत नाही. या चार महिन्यांत अप्पांनी प्रल्हाद शिंदे पहिल्यांदा बसून ऐकले आणि भाच्याने मालती पांडे. क्रमांकाशिवाय हे झालं नसतं.

मतदानाने ठरलं : क्रमांक राहतील. पहिल्या पानावर दोन रकाने शेजारी, एका रीतीने लता-आशा, दुसऱ्या रीतीने आशा-लता, खाली मोजणीची रीत चार ओळींत. पुढच्या पानांवर साधनाप्रमाणे चार छोट्या याद्या. प्रत्येक टिपणात गायकाचं एकच गाणं, आणि त्यात नेमकं कुठे कान द्यायचा ते. सुलोचनाबाईंच्या टिपणात 'हाय'वरचा जोर, सुमनताईंच्यात 'मोर'. पुरस्कार आणि गाण्यांचे आकडे टिपणात नकोत, हे ताईंचं म्हणणं सगळ्यांनी मानलं.

अप्पांनी स्वतःची दहाची यादी वेगळी छापा म्हणून कागद दिला. पहिलं नाव गजानन वाटवे. समितीत कुणालाच मान्य नाही. चौकटीत, त्यांच्या सहीसह जाईल. मुद्रितं मंगळवारी येतील, तपासायला मॅडम आणि मी.